ग्लास्टनबरीची पड : जून २०२७ येईपर्यंत काय करायचं?

खामकाठचा
१० मे २०२६, रात्री ११:०५

मंडळी, मे अर्ध्यावर आला की दरवर्षी माझ्या डोक्यात एकच वेळापत्रक फिरायला लागतं. जूनचा शेवटचा आठवडा, पिल्टन गाव, वर्दी फार्म नावाचं शेत, पिरॅमिड हे मुख्य स्टेज. यंदा त्यातलं काहीच नाही. इंग्लंडातला ग्लास्टनबरी हा गाण्यांचा महोत्सव एका शेतकऱ्याच्या रानात भरतो, आणि २०२६ साल त्या रानाला विसावा म्हणून पड ठेवलंय. आता महोत्सव परत येणार २३ ते २७ जून २०२७ ला. मोजून तेरा महिने.

माझं हे वेड सुरू झालं होस्टेलवर. एका सीनिअरच्या हार्डडिस्कमधी रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा १९९७ चा ग्लास्टनबरीचा कार्यक्रम होता. त्या वर्षी तिथं नुसता चिखल झाला होता. स्टेजवर बँडला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, डोळ्यावर दिवे मारत होते आणि समोरचं माणूस दिसत नव्हतं. मग त्यांच्या गायकानं, थॉम यॉर्कनं सांगितलं, दिवे लोकांवर टाका. दिवे फिरले आणि समोर हजारो डोकी दिसली, गुडघाभर चिखलात उभी. आम्ही सहा जण एका खाटेवर बसून बघत होतो. वरचा पंखा बंद, घामाच्या धारा, पण कुणी उठेना. त्या रात्री ठरवलं की आयुष्यात एकदा तरी त्या शेतात उभं राहायचं.

अजून जमलेलं नाही. पण दरवर्षी जूनअखेर जे मिळेल ते बघतो, मित्रांना बोलावतो. यंदाचा जून सुनासुना जाणार म्हणून आत्तापासूनच कसंतरी होतंय. तुम्ही कशी वाट बघताय? २०२७ ला त्या स्टेजवर कोण हवं? आणि एक ठोस विचार आहे. पैठणकडं आमचा मळा आहे. २०२७ ला गोठ्यासमोर मोठा पडदा लावून सगळ्यांनी रात्रभर एकत्र थेट बघायचं का?

जालना_जंक्शन
१० मे, रात्री ११:३१

मी येणार! जालना ते पैठण म्हणजे काय लांब? गिटार आणतो.

हेडबँगर_हिंगोली
११ मे, सकाळी ८:१०

खामकाठ भाऊ, राग मानू नका, पण ग्लास्टनबरीला आता रॉक महोत्सव कामून म्हणायचं? २००८ ला रॅपवाला जे-झी हेडलायनर म्हणजे रात्रीचा मुख्य कलाकार, २०११ ला पॉपवाली बियॉन्से, २०२४ ला पॉपवालीच दुआ लिपा. सगळे आपापल्या जागी मोठे आहेत, पण गिटारवाल्यांची जागा कमी होत चाललीय. २०१४ ला मेटॅलिका या मेटल बँडला बोलावलं तेव्हा तिकडच्याच लोकांनी नाकं मुरडली होती.

मला विचाराल तर खरी जत्रा वाकेनच्या मेटल महोत्सवाची. उत्तर जर्मनीतलं एवढंसं गाव, १९९० पासून चालू आहे, आणि तेही शेतातच. २०१९ ला तिथं आपल्या दिल्लीचं ब्लडीवुड हे मेटल बँड वाजलं. ढोल घेऊन चढले होते पोरं. तो व्हिडिओ मी हिंगोलीच्या बसस्टँडवर उभा राहून मोबाईलवर बघितला आणि अंगावर काटा आला. आपलं वाद्य, आपली भाषा आणि खाली गोरे लोक डोकी हलवायलेत.

गोदाकाठची_मीरा
११ मे, सकाळी ९:४२

@हेडबँगर, जे-झीच्या वेळी ओएसिस बँडचा नोएल गॅलाघरपण हेच म्हणला होता, ग्लास्टनबरीला गिटारचीच परंपरा आहे म्हणून. मग जे-झी गळ्यात गिटार अडकवून आला आणि सुरुवात ओएसिसच्याच गाण्यानं केली. लोकांनी डोक्यावर घेतलं. मला तर ते फार रॉक वाटलं.

आणि २०२५ ला शनिवारी रात्री जुना रॉकवाला नील यंग होता की, ७९ वर्षांचा. तेवढी खरखरीत गिटार या वर्षांत दुसऱ्या कुणाची ऐकलीत?

हेडबँगर_हिंगोली
११ मे, सकाळी ९:५५

नील यंगचं मान्य. एकदम मान्य.

रान_काळं
११ मे, दुपारी १:२०

मी धाराशिवचा, वय ६१, शेती. गाण्यातलं मला पोराएवढं कळत नाही, तो पुण्यात आयटीत आहे आणि त्यानंच हे वाचायला पाठवलं. पण "पड" शब्द बघून थांबलो.

आमच्याकडं पूर्वी भारी काळ्या रानात खरीप घेतच नव्हते. जून ते सप्टेंबर रान पड. पण पड म्हणजे मोकळं सोडून दिलेलं नव्हे. पाऊस झाला, वाफसा आला की वखराची पाळी. तण दिसलं की पुन्हा पाळी. माझा बाप चार-चार पाळ्या घालायचा. सगळं पाणी रानाच्या पोटात मुरायचं. मग उत्तरा-हस्ताच्या सुमाराला ज्वारी टाकायची. वरून एक थेंब नाही पडला तरी त्या मुरलेल्या ओलीवर ज्वारी पुरुषभर व्हायची. कडबा वेगळा. सोयाबीन आलं आणि पड गेली, कारण चार महिने रान मोकळं ठेवायला जीव धजत नाही. पैसा लागतो.

त्यामुळं तुमच्या त्या इंग्लंडच्या शेतकऱ्याचं मला नवल वाटलं. एवढं उत्पन्न येत असताना वर्षभर रान मोकळं ठेवतो म्हणजे तो आधी शेतकरी आहे. त्याच्याबद्दल अजून कुणी सांगाल का?

खामकाठचा
११ मे, दुपारी २:०८

काका, तुम्ही इथं आलात याचा फार आनंद झाला. त्यांचं नाव मायकल ईव्हिस. दुधाचा धंदा. वडील गेले तेव्हा हे १९ वर्षांचे, जहाजावर नोकरीला होते. ती सोडून १९५४ ला घरी आले आणि गाई सांभाळू लागले. शेतावर कर्ज होतं. १९७० च्या उन्हाळ्यात जवळच शेप्टन मॅलेटला बाथ फेस्टिव्हल नावाच्या एका मोठ्या कार्यक्रमात लेड झेपलिन हा रॉक बँड ऐकला आणि आपल्याच रानात असं काहीतरी करावं असं डोक्यात बसलं. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला पहिला कार्यक्रम. तिकीट एक पौंड आणि गाईचं दूध फुकट. माणसं आली सुमारे दीड हजार. किंक्स हा बँड येणार होता तो आला नाही, त्याच्या जागी मार्क बोलनचा टी. रेक्स बँड आला. त्याची बिदागी दुधाच्या पैशातून हप्त्याहप्त्यानं फेडली असं ईव्हिस स्वतः सांगतात.

आता तिथं दोन लाखांच्या वर माणूस जमतं. पण गाई अजून तिथंच आहेत.

जालना_जंक्शन
११ मे, दुपारी २:१५

एक पौंडात दूध फुकट! आमचे आबा असते तर चरवी घेऊन पहिल्या रांगेत.

रान_काळं
११ मे, दुपारी २:४०

दुधाच्या हप्त्यावर गाणारा आणला. हे मला फार आवडलं. आमच्याकडं दुधाच्या पट्टीवर लेकीचं लग्न केलेली माणसं आहेत, गाणं कुणी केलेलं नाही.

गाई कुठं ठेवतात त्या पाच दिवसांत? आमच्या म्हशी लग्नाच्या बँडनं दोन दिवस पान्हा चोरतात.

गुरांची_डॉक्टर
११ मे, रात्री ९:०३

काका, त्या दिवसांत गाई गोठ्यातच असतात, रानात सोडत नाहीत. धारा नेहमीच्या वेळेला. मी परभणीला पशुवैद्यक शिकले, ग्लास्टनबरीची चाहती आहे, आणि मला त्या महोत्सवात सगळ्यात जास्त रस आहे तो पाच दिवस संपल्यानंतरच्या कामात. त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन लाख माणसं तंबू ठोकतात. तंबूच्या लोखंडी खुंट्या, पत्र्याचे तुकडे, तारा, बाटल्यांची बुचं, सगळं गवतात राहतं. गाय वेचून खात नाही. ती जिभेनं गवताचा घास ओढते आणि गिळते, रवंथ नंतर. घासाबरोबर खिळा गेला तर तो जड म्हणून जाळीदार पोटात जाऊन बसतो. त्या पोटाच्या पुढं फक्त पडदा आणि पडद्यापलीकडं हृदय. पोट आवळलं की खिळा पुढं सरकतो. आपल्याकडंही हे पुष्कळ बघायला मिळतं. गाय कण्हते, कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावर चालायला नको म्हणते, गळ्याखाली पाणी भरतं. तोपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. बांधकामाजवळ चरणारी जनावरं, वायरिंगचे तुकडे टाकलेल्या उकिरड्यावरची जनावरं... मी गेल्या पावसाळ्यात अशा दोन गाई गमावल्या. एक सात महिन्यांची गाभण होती.

म्हणून वर्दी फार्मवर लोक निघून गेले की माणसं ओळीनं हातानं कचरा वेचतात आणि मग चुंबक लावलेली यंत्रं रानावरून फिरवतात. लोखंड सगळं वर यायला हवं, तेव्हाच गाई पुन्हा चरायला. २०१९ पासून तिथं प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या विकणंही बंद केलंय. एवढं करूनही जमीन दबलेली असते, गवत मेलेलं असतं. त्यामुळं पाच-सहा वर्षांनी एकदा पूर्ण उन्हाळा गवताला आणि गाईंना देणं मला रास्त वाटतं. २०१२ ला दिला, २०१८ ला दिला, आता २०२६. मध्ये २०२० आणि २०२१ कोरोनानं घेतली, ती वेगळी.

मलाही वाट बघणं जड जातंय. पण या एका कारणासाठी मी आनंदानं थांबेन.

गोदाकाठची_मीरा
११ मे, रात्री ९:२०

डॉक्टर ताई, हे वाचून पुन्हा वाचलं. एवढी वर्षं ते कार्यक्रम बघते, त्या गवताकडं कधी लक्षच गेलं नव्हतं.

रान_काळं
११ मे, रात्री ९:४८

कोपरं बाहेर काढून उभी राहते. बरोब्बर. आमची कपिली अशीच उभी होती १९९१ ला. आम्हाला कळलंच नाही.

आयरॉक_काका
१२ मे, सकाळी ७:१५

वाट बघण्याचा विषय निघालाय तर आमचंही ऐका. मी मूळचा औरंगाबादचा. आमच्या तरुणपणी रॉकची पंढरी म्हणजे मुंबईतला इंडिपेन्डन्स रॉक. १९८६ ला सुरू झाला. धोबीतलावला रंगभवन, वर छप्पर नाही, आणि ऑगस्ट म्हणजे पाऊस ठरलेला. आम्ही चौघं रात्रीच्या एसटीनं निघायचो, सकाळी दादरला उतरून चहा-पाव आणि थेट रांग. रॉक मशीन हे बँड तिथं ऐकलं, ज्याचं पुढं इंडस क्रीड झालं. भिजलेल्या शर्टात परत यायचो आणि सोमवारी कामावर हजर.

पुढं शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनातला आवाज बंद झाला. कार्यक्रम इकडं तिकडं फिरला आणि २०१३ नंतर थांबलाच. नऊ वर्षं. मी धरून चाललो होतो की संपलं. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तो परत आला! मी ५८ वर्षांचा, मुलगी सोबत. तिला म्हटलं, बघ, तुझा बाप इथं वाढला. जागा रंगभवनाची नव्हती, पाऊस नव्हता, तरी पहिला ड्रम पडला तेव्हा मला समोरचं दिसेना झालं.

तेरा महिने काहीच नाहीत मंडळी. तारीख ठरलेली आहे. आम्हाला नऊ वर्षं तारीखच नव्हती.

संबळ_तुळजापूर
१२ मे, सकाळी १०:३०

काका, नमस्कार घ्या.

हेडबँगर_हिंगोली
१२ मे, सकाळी ११:०२

काका, रॉक मशीनच्या काळातलं अजून लिहा ना. वेगळं सविस्तर लिहा.

लातूरकर_बास
१२ मे, दुपारी १२:१७

सगळं छान चाललंय, पण मला मूळ बेताबद्दल बोलायचंय. खामकाठ, थेट बघणार कसं? तो थेट दाखवतो बीबीसीचा आयप्लेअर, आणि तो भारतात चालत नाही. आपल्याला मिळतात ते नंतर यूट्यूबवर टाकलेले तुकडे, एका कलाकाराची दोन-तीन गाणी. आणि दुसरं, जूनमधी तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. हेडलायनर रात्री दहाच्या आसपास येतो म्हणजे आपल्याकडं अडीच. तिसरं म्हणजे जूनअखेर म्हणजे ऐन पेरण्या. मृग बरा झाला असेल तर कुणी मोकळं नाही, आणि झाला नसेल तर कुणाचा गाण्यात जीव नाही. त्यात पैठणहून नाथांची पालखी निघायचा हंगाम. तू काय करू लालास, याचा विचार केलास का?

खामकाठचा
१२ मे, दुपारी १:०५

बास भाऊ, आयप्लेअरचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच. इतकी वर्षं तुकडेच बघत आलो, पण एकत्र बसायचं म्हटलं की मनात आपोआप "थेट" आलं. आता काय?

ब्रिस्टलची_अंबाजोगाईकर
१२ मे, संध्याकाळी ६:४४

नमस्कार. मी अंबाजोगाईची, २०१८ पासून ब्रिस्टलला नर्स आहे. पिल्टन इथून तासाभरावर. बहुतेकांना वाटतं की महोत्सव ग्लास्टनबरी गावात असतो, पण गाव तिथून आठ-दहा किलोमीटर लांब आहे. जवळचं रेल्वे स्टेशन कॅसल कॅरी, तिथून बस सोडतात.

मी एकदाच गेलेय, आणि तीही वाट बघण्याचीच गोष्ट आहे. तिकीट काढलं २०१९ च्या ऑक्टोबरात, २०२० साठी. पन्नासावं वर्ष, बीटल्सवाले पॉल मॅकार्टनी येणार. मग कोरोना आला. मी वॉर्डात. २०२० रद्द, २०२१ रद्द. पैसे परत हवेत का विचारलं तर मी नको म्हणाले, तिकीट पुढं ढकललं. त्या दोन वर्षांत अंबाजोगाईला बाबा आजारी पडले, ऑक्सिजनवर होते, आणि मला येता आलं नाही. इथं अनोळखी माणसांचे हात धरायचे आणि रात्री फोनवर आईला विचारायचं, आकडा किती आहे? बाबा बरे झाले. बीटल्सच्या कॅसेट त्यांच्याच. योगेश्वरीच्या नवरात्रात आरती झाली की घरी येऊन टेप लावायचे, शेजारच्या काकू म्हणायच्या हे काय इंग्रजी भजन.

२५ जून २०२२ च्या रात्री मी त्या रानात उभी होते. मॅकार्टनी आदल्याच आठवड्यात ८० वर्षांचे झालेले. मी बाबांना फोन लावला, तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली. ते आणि आई अंगणात खाट टाकून बसलेले. नेटवर्क धड नव्हतं, चित्र अडकत होतं, म्हणून बाबा म्हणाले चित्र राहू दे, नुसता आवाज ठेव. अडीच तासांहून जास्त गायले ते. मध्येच ब्रूस स्प्रिंगस्टीन आला, डेव्ह ग्रोल आला, दोघंही अमेरिकेचे रॉकवाले, आणि बीटल्समधला त्यांचा गेलेला साथीदार जॉन लेनन याचा जुना आवाज आणि चित्र पडद्यावर आणून त्याच्यासोबत गायले. माझ्या फोनची बॅटरी शेवटच्या गाण्याआधी संपली. दुसऱ्या दिवशी चार्ज करून फोन केला तर बाबा म्हणाले, तो माणूस ८० वर्षांचा अडीच तास उभा राहतो, मी आता रोज मुकुंदराजाच्या समाधीपर्यंत चालणार. आणि चालतात, अजून.

बाकी जरा व्यवहाराचं. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी आधी फोटोसकट नोंदणी करून ठेवावी. ती नसेल तर विक्रीच्या दिवशी तिकीट मिळत नाही. तिकिटावर तुमचा फोटो असतो, दुसऱ्याला देता येत नाही. २०२५ च्या महोत्सवाची मुख्य विक्री २०२४ च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी नऊला होती, म्हणजे तुमच्याकडं दुपारी अडीच. अर्ध्या तासाच्या थोडं वर गेलं आणि संपली. किंमत तेव्हा ३७३ पौंड ५० पेन्स होती, वर ५ पौंड शुल्क. आधी ७५ पौंड भरायचे होते, उरलेले नंतर. एका जणाला एका वेळी सहा तिकिटं काढता येतात. पाण्याची स्टीलची बाटली आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच.

जालना_जंक्शन
१२ मे, संध्याकाळी ७:१०

ताई...

काहीच सुचेना. बाबांना आमचा नमस्कार सांगा.

आयरॉक_काका
१२ मे, संध्याकाळी ७:३०

"चित्र राहू दे, नुसता आवाज ठेव." आम्ही असंच ऐकत आलो सगळं.

रान_काळं
१२ मे, रात्री ८:०५

मुकुंदराजाचा तो चढ-उतार सोपा नाही. शाबास म्हणावं त्यांना.

खर्चाचा_हिशोब
१२ मे, रात्री ८:४०

तिकिटाचेच चाळीस हजारांच्या वर. विमान, व्हिसा, राहणं धरलं तर दोन लाखांच्या पुढं. तेवढ्यात मुंबईला चार वेळा जाऊन येता येतं. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईत, मेमध्ये गन्स अँड रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर, यंदा जानेवारीत लोलापलूझा महोत्सवात लिंकिन पार्क. मी तिन्ही बघितले. देवगिरीनं रात्री निघायचं, देवगिरीनंच परत. हे सोडून शेतातल्या चिखलात उभं राहायला दोन लाख?

गोदाकाठची_मीरा
१२ मे, रात्री ८:५२

हिशोब बरोबर आहे दादा. पण मुंबईत आपण एक कार्यक्रम बघून गाडी पकडायला धावतो. मला गाडी पकडायची नाहीये. पाच दिवस तिथंच झोपायचं, उठायचं, चालता चालता नाव न ऐकलेला कुणीतरी ऐकायचा. हे वारीला जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. माझी आजी एकदा दिंडीत गेली आणि पुढची सगळी वर्षं गेली. एसटीनं एका दिवसात पंढरपूर होतं हे तिलाही माहीत होतं.

खर्चाचा_हिशोब
१२ मे, रात्री ९:०१

हे पटलं. माझी आईपण जाते.

हेडबँगर_हिंगोली
१२ मे, रात्री ९:३३

विषयांतर करतो. २०१५ ला ग्लास्टनबरीच्या स्टेजवर दलाई लामा आले होते, रॉक गायिका पॅटी स्मिथच्या कार्यक्रमात. लोकांनी त्यांना वाढदिवसाचं गाणं म्हटलं, केक आणला. २०१९ ला तेच औरंगाबादला धम्म परिषदेला आले तेव्हा मी आईला घेऊन गेलो होतो. आईला तो ग्लास्टनबरीचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, बघ, सगळीकडं जातात, सगळ्यांत बसतात. तेव्हापासून तिची माझ्या गाण्यांबद्दल तक्रार नाही. फक्त आवाज कमी कर म्हणते.

लातूरकर_बास
१२ मे, रात्री १०:१५

मूळ प्रश्नावर येऊ या का? २०२७ ला थेट जमत नाही हे दिसलं. मग पड आहे ती यंदा आहे ना? मग यंदाच का नाही जमायचं? दुसऱ्याचं बघायला नको, आपलंच वाजवू. जालना गिटार आणणार म्हणलाय, माझा बास आहे. जूनचा शेवटचा शनिवार, २७ तारीख. पुढच्या वर्षी बरोबर २७ जूनलाच तिथं शेवटचा दिवस आहे.

संबळ_तुळजापूर
१२ मे, रात्री १०:२२

मी संबळ आणतो. आमच्या घरात गोंधळाची परंपरा आहे, मी चौथ्या पिढीतला. पण कॉलेजात असल्यापासून मला गिटारसोबत वाजवून बघायचं होतं, कुणी उभंच केलं नाही. ब्लडीवुडचा ढोल चालतो तर संबळ चालेल की.

हेडबँगर_हिंगोली
१२ मे, रात्री १०:२४

चालेल? संबळासाठी मी हिंगोलीहून चालत येईन!

खामकाठचा
१२ मे, रात्री ११:४०

आत्ता घरी बोललो. वडील म्हणाले पेरणी झाली असेल तर या, नसेल झाली तरी या, रानात बसून आभाळाकडं बघण्यापेक्षा बरं. गोठ्यासमोर फरशी आहे, वर पत्रा आहे, पाऊस आला तर सगळे आत येऊ.

आणि एक गंमत सांगू? वर्दी फार्मवर १९८१ ला जो पक्का पिरॅमिड बांधला होता तो उन्हाळ्यात स्टेज आणि हिवाळ्यात गाईंचा गोठा होता. चारा त्यातच भरायचे. १९९४ ला महोत्सवाच्या तोंडावर तो जळाला, तरी महोत्सव झाला. म्हणजे गोठ्यात गाणं ही आपण काढलेली टूम नाही.

वडिलांच्या अटी : रात्री अकरानंतर मोठा आवाज नाही, पहाटे चारला धार काढायच्या वेळी एकदम शांतता, आणि रानात काहीही टाकायचं नाही. डॉक्टर ताईंनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले या बाईंना बोलवाच.

गुरांची_डॉक्टर
१३ मे, सकाळी ६:५०

येते. चुंबक घेऊन येते. कार्यक्रम संपला की सगळ्यांनी ओळीनं रान वेचायचं, तंबू कुणी आणला तर खुंट्या मोजून घेईन.

ब्रिस्टलची_अंबाजोगाईकर
१३ मे, सकाळी ११:१५

मी त्या आठवड्यात ड्युटीवर आहे. कुणीतरी फोन लावाल का? चित्र नाही दिसलं तरी चालेल. आणि नोव्हेंबरात तिकिटं निघाली की ज्यांची नोंदणी झालेली असेल त्या पाच जणांची माझ्यासोबत काढायचा प्रयत्न करीन. हमी देत नाही.

गोदाकाठची_मीरा
१३ मे, सकाळी ११:१८

मी पहिली. नोंदणी आजच करते. पैसे भिशीतून उचलीन.

जालना_जंक्शन
१३ मे, सकाळी ११:१९

दुसरा!

हेडबँगर_हिंगोली
१३ मे, सकाळी ११:२६

तिसरा. वाकेनवाले कुठं गेले असं कुणी विचारू नका, मी दोन्हीकडं जाईन.

आयरॉक_काका
१३ मे, दुपारी १२:०५

माझे गुडघे पाच दिवसांचे राहिले नाहीत. पैठणला मात्र नक्की येतो. १९८८ चा एक शर्ट अजून जपून ठेवलाय, तो घालून येतो.

रान_काळं
१३ मे, दुपारी १२:४४

मला वाजवता येत नाही. ज्वारीचं पीठ आणतो, मागच्या रब्बीची आहे. भाकरी तिथं होतील का? किती जण येणार ते कळवा.

२०२७ ला कोण हवं असं पहिल्यांदा विचारलं होतं, त्याचं उत्तर कुणीच दिलेलं दिसत नाही. मला नावं माहीत नाहीत. पण १९७० ला दूध पिऊन ऐकलेला कुणी म्हातारा अजून हयात असेल तर त्याला त्या दिवशी पुढं बसवावं.

खामकाठचा
१३ मे, दुपारी १:३०

काका, भाकरी होतील, आई आणि मी दोघं बसतो चुलीपुढं. आत्तापर्यंत नऊ जण धरले.

बास भाऊ, तुमचा ॲम्प किती वॅटचा आहे? गोठ्यात प्लग दोनच आहेत आणि एकावर कडबाकुट्टी आहे.

लातूरकर_बास
१३ मे, दुपारी १:५२

शंभरचा. लांब वायर आणि बोर्ड मी घेऊन येतो. कडबाकुट्टी राहू द्या जागेवर, कुट्टी सकाळीच करून ठेवा.